नॉन-फिक्शन जीव तोडून वाचते, पण लक्षात राहत नाही. तुमचं काय होतं?

तळटीप

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहितेच.

गेली वीस-बावीस वर्षं मी जवळजवळ फक्त नॉन-फिक्शन वाचते. इतिहास, विज्ञान, रोगांच्या साथी, नकाशे, चरित्रं, हाती लागेल ते. घरातलं कुणी उठायच्या आधीचा पाऊण तास माझा असतो. नवं पुस्तक मी मागून उघडते. आधी शब्दसूची. कुठल्या शब्दापुढे एकच पान दिलंय आणि कुठल्या शब्दापुढे ओळभर आकडे आहेत, यावरून लेखकाचा जीव कशात गुंतलाय ते समजतं. मग टिपा चाळते, नकाशे असतील तर ते बघते, आणि मग पहिलं पान. तोवर पुस्तकाशी निम्मी ओळख झालेली असते. दिवसभर काय काय होतं, पण तो पाऊण तास पदरात पडला की माझा दिवस वाया जात नाही.

तर गेल्या आठवड्यात भाचा आला होता, कॉलेजात आहे. कपाटापुढे उभा राहून म्हणाला, "मावशी, मी डोळे मिटून एक पुस्तक काढतो. तू त्यातल्या पाच गोष्टी सांग." निघालं ते १८५४ साली लंडनमध्ये आलेल्या कॉलऱ्याच्या साथीवरचं. मला आनंदच झाला, ते मी दोनदा वाचलंय. सांगायला लागले. ब्रॉड स्ट्रीटवरचा पाण्याचा पंप. जॉन स्नो नावाचा डॉक्टर. पंपाचा दांडा काढून टाकला. आणि पुढे गाडी अडली ती अडलीच. हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई तेवढी आठवली, तिच्यासाठी त्या पंपाचं पाणी लांबून आणलं जायचं. बाकी आकडे गेले, नावं गेली, कशानंतर काय झालं तेही गेलं. भाच्यानं चिडवलं वगैरे नाही. पुस्तक नीट जागेवर ठेवलं आणि सहज म्हणाला, "एवढं तर फोनवर एका मिनिटात मिळालं असतं."

ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. दोनदा वाचलेल्या पुस्तकातून एक पंप आणि एक बाई एवढंच उरत असेल, तर मी पहाटे उठून नेमकं काय करते? तुम्ही लक्षात कसं ठेवता? टिपणं काढता का? मी मध्यंतरी वही केली होती. पण वाचताना सारखं 'हे उतरवायला हवं' असं व्हायला लागलं, पुस्तक बाजूला आणि वहीच पुढे. वाचण्यातला जीवच गेला, म्हणून सोडली.

पानगळ

वही नकोच. पुस्तकाच्या शेवटी कोरं पान असतं, तिथे पेन्सिलनं स्वतःची सूची करा. पानाचा आकडा, पुढे दोन शब्द, बास. वाक्य लिहायचं नाही, वाक्य लिहिलं की वही सुरू झाली. माझ्या एका पुस्तकामागे '११२ भांडण', '१४० इथे तो चुकला', '२०३ आईला सांगणे' असं लिहिलेलं आहे. छापलेल्या सूचीत हे शब्द सापडायचे नाहीत, कारण ते वाचताना माझ्या डोक्यात उठले होते. वाचनालयाचं पुस्तक असेल तर आत एक कागद ठेवते आणि पुस्तक परत करताना कागद काढून घेते. आठ-दहा वर्षांपूर्वीचे कागद आहेत माझ्याकडे. एकेक वाचला की अख्खं प्रकरण समोर येतं.

अजून एक करते. पुस्तक मिटल्यावर लगेच उठत नाही. दोन मिनिटं आत्ता काय वाचलं ते मनातल्या मनात कुणाला तरी सांगून बघते. जिथे अडखळते तेवढंच पान परत उघडते. आजवर मला याचा सगळ्यात जास्त उपयोग झालाय.

कादंबरीवाला

तळटीप, राग मानू नका, पण तुमच्या भाच्याचं म्हणणं मला पटतं. मी कथा-कादंबऱ्या वाचणारा माणूस. माहिती लागली तर शोधतो, मिळते, काम होतं. ती पाठ कशाला करायची?

दुसरं म्हणजे नॉन-फिक्शन शिळं होतं. आमच्याकडे वडिलांच्या वेळचं जीवशास्त्राचं एक पुस्तक आहे. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं त्यात ठामपणे छापलंय. आज शाळेतलं पोरही ४६ सांगेल. चांगली कादंबरी अशी खोटी पडत नाही. मनापासून विचारतोय, वाद घालायला नाही: उद्या चूक ठरू शकेल अशा गोष्टीवर इतका जीव कसा लावता?

तळटीप

पानगळ, शेवटच्या पानाची युक्ती आजपासूनच सुरू करते.

कादंबरीवाले दादा, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचून रात्री ते कॉलऱ्याचं पुस्तक पुन्हा काढलं आणि मधूनच उघडलं. दीड वाजला झोपायला.

फोनवर काय मिळतं ते मीही बघितलं. स्नोनं पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. पुस्तकात असं नाहीच आहे! दांडा काढला ८ सप्टेंबरला. तोवर साथ उतरणीला लागली होती, कारण जे पळू शकत होते ते भाग सोडून पळून गेले होते. आणि हे स्नोनं स्वतःच लिहून ठेवलंय, की दांडा काढल्यामुळेच साथ थांबली असं ठरवता येणार नाही. स्वतःच्या विजयाची गोष्ट समोर आयती तयार असताना हा माणूस म्हणतो की थांबा, एवढं सिद्ध होत नाही. त्या पानावर मी पुस्तक छातीशी धरून बसले होते, ते आता आठवलं.

मग त्यानं धरलं काय? तर कोण मेलं नाही ते बघत गेला. पंपापासून अडीचशे यार्डांच्या आत दहा दिवसांत ५०० हून जास्त माणसं गेली. त्याच वस्तीत गरिबांना ठेवायचं वर्कहाउस होतं, आत ५३५ माणसं, आणि त्यातली फक्त ५ दगावली. का? त्यांची आवारात स्वतःची विहीर होती. शेजारी बिअरची भट्टी, कामगार सत्तरच्या वर, त्यांना कामावर बिअर मिळायची, ते पंपावर जातच नव्हते. त्यांच्यात कॉलऱ्याचा एकही बळी नाही. आणि मैलोगणती लांब, स्वच्छ हवेच्या हॅम्पस्टेडला राहणारी ती बाई मात्र गेली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची आणि तिला तिथलंच पाणी आवडायचं, म्हणून रोज गाडीवरून तिच्यासाठी बाटली भरून जायची. ३१ ऑगस्टला भरलेलं पाणी ती त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी प्यायली आणि २ सप्टेंबरला गेली. तिची भाची भेटायला आली होती, तीही ते पाणी प्यायली, इझलिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तीही गेली. त्या काळी भले भले लोक मानत होते की कॉलरा घाणेरड्या हवेतून होतो. हॅम्पस्टेडच्या बाईजवळ ती हवाच नव्हती.

मला ती एकच बाई का आठवली ते रात्री कळलं. सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. आकडे विसरले, पण ज्या खुंटीला सगळं टांगलं होतं ती खुंटी माझ्याकडे होती.

एका मिनिटात मिळणारी गोष्ट मला नको आहे असं नाही. पण 'उत्तर पाण्यात होतं' हे नुसतं वाचणं आणि त्या डॉक्टरच्या मागून एकेक दार ठोठावत तिथवर पोचणं, या दोन्हीत मला फार फरक वाटतो. दार ठोठावत जायला जो वेळ लागतो, त्याच वेळाची मला ओढ आहे.

आणि हो, व्हाइटहेड राहिलाच! तिथला तरुण पाद्री. त्याला स्नोचं म्हणणं साफ अमान्य होतं, ते खोडून काढायलाच तो घरोघर फिरला. लोक त्याच्या ओळखीचे, त्याच्याशी मोकळेपणानं बोलायचे. फिरता फिरता ४० नंबरच्या घरातल्या तान्ह्या मुलीपर्यंत तोच पोचला. ती साथीच्या आधी आजारी पडली होती आणि आई तिचे लंगोट धुतलेलं पाणी तळघराजवळच्या मैलाखड्यात ओतायची. खड्ड्याच्या विटा ढासळलेल्या होत्या आणि पंपाची विहीर तिथून तीन फुटांच्या आत होती. खोडून काढायला निघालेला माणूस सगळ्यात भक्कम पुरावा घेऊन परत आला. अशी पात्रं कादंबरीत भेटली की तुम्ही किती खूश होता ते सांगा मला.

दुसरी_आवृत्ती

मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे ४८ वर बोलल्याशिवाय राहवत नाही.

कादंबरीवाले, वडिलांचं ते पुस्तक कृपा करून रद्दीत देऊ नका. थिओफिलस पेंटर यांनी १९२३ मध्ये ४८ हा आकडा मांडला आणि तो तीस वर्षांहून जास्त टिकला. सूक्ष्मदर्शकाखाली तेव्हा जे दिसायचं ते गुंतलेल्या दोऱ्यांच्या पुंजक्यासारखं. कोण कुठे सुरू होतं आणि कोण कुठे संपतं, कळणं मुश्कील. १९५६ मध्ये जो हिन टिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी पेशी आधी सौम्य द्रावणात फुगवल्या, मग काचेवर हलक्या हातानं दाबून पसरवल्या. गुणसूत्रं सुटी झाली, मोजली, तर ४६.

यातली मला आजही अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या लेखातच नोंद आहे की काही संशोधकांनी आधी मानवी पेशींवरचं असं काम मध्येच सोडून दिलं होतं, कारण त्यांना ४८ सापडतच नव्हती. पुन्हा पुन्हा ४६ भरत होती. म्हणजे खरा आकडा हातात आला होता आणि त्यांनी तो आपली मोजण्यातली चूक समजून खाली ठेवला. दर वर्षी वर्गात मी हे सांगायचो. काही मुलांची मान वर यायची, आणि कुठल्या मुलांची येते ते मी बघून ठेवायचो.

तुमचं ४८ चं पुस्तक शेल्फात ४६ च्या पुस्तकाला लागून ठेवा. मी तसंच ठेवलंय. जुनं नॉन-फिक्शन मी मुद्दाम वाचतो. १९६० च्या आधीची भूगर्भशास्त्राची पुस्तकं बघा. वेगेनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९१२ सालीच खंडं सरकतात असं सांगितलं होतं, आणि तरी पुढची कितीतरी वर्षं शहाणी माणसं त्याला नाही म्हणत होती. त्यांची कारणं वाचावीत. एवढी खंडं सरकवणारं बळ कुठलं, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि वेगेनरकडे त्याचं समाधानकारक उत्तर नव्हतं.

ओली_माती

तळटीपताई, मी इथे क्वचितच लिहिते, पण तुमचा प्रश्न वाचून डार्विन आठवला.

त्यानं २० डिसेंबर १८४२ ला घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरले आणि तसेच राहू दिले. तेव्हा तो ३३ वर्षांचा. मग १८७१ च्या नोव्हेंबरअखेर, २९ वर्षांनी, तिथे चर खणला. चराच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या खड्यांची रेघ दिसली, पृष्ठभागापासून ७ इंच खाली. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकत टाकत खडू तेवढा खाली नेला होता. मधल्या काळात नुसतं गवत बघणाऱ्याला वाटलं असतं की खडू कुठेतरी नाहीसा झाला.

तुमची वीस वर्षांची पुस्तकं मला तशी वाटतात. भाच्यानं वरवर बघितलं, तेव्हा गवत दिसलं. काल रात्री तुम्ही चर खणलात.

गांडुळांवरचं हे त्याचं पुस्तक १८८१ चं, पुढच्या वर्षी तो गेला. म्हातारपणी कुंड्यांत गांडुळं पाळून त्यांना ऐकू येतं का ते बघत होता. शिट्टी वाजवली, बासून नावाचं फुंकून वाजवायचं मोठं वाद्य वाजवून बघितलं, पियानो वाजवला, गांडुळं ढिम्म. मग कुंडी उचलून पियानोवरच ठेवली आणि एक सूर दाबला, तशी क्षणात बिळात गेली. आवाज नाही, थरथर कळते त्यांना. हे वाचल्यापासून पाऊस थांबल्यावर ओल्या मातीवर गांडुळांनी वर टाकलेल्या बारीक वेटोळ्यांचे ढीग दिसले की मी वाकून बघते. आधी माझ्या डोळ्यांना ते दिसतच नव्हते, आता चुकत नाहीत.

तळटीप

ओली माती, तुमचं उत्तर मी सकाळपासून तीनदा वाचलं. मनापासून आभार. सर, तुमचेही. ४६ मोजून गप्प बसलेल्या त्या लोकांनी मलाही झोपू दिलं नाही.

आज संध्याकाळी भाच्याला फोन केला. म्हटलं, "पाचातल्या तीन राहिल्या होत्या, आता ऐक." वर्कहाउस सांगितलं, भट्टी सांगितली, व्हाइटहेड सांगितला. तो मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी विचारलं, "मग तो दांडा कायमचाच काढला ना?"

मी म्हटलं, "नाही रे. साथ ओसरल्यावर परत बसवला."

"परत बसवला? कुणी? का?"

तासाभरानं घरी येऊन पुस्तक घेऊन गेला. जाताना आत एक पेन्सिल घालून दिली आहे.