बीपीच्या गोळ्यांचे त्रास : तुमचे अनुभव सांगा

पारिजातक

काल देव्हाऱ्याखालचा कप्पा आवरत होते तर आईची जुनी कुंकवाची डबी हाती लागली. आत कापसात गुंडाळलेली वेढ्याची जोडवी, दोन्ही कापलेली. बघितलं आणि तिथेच फरशीवर बसले.

2003 साल असेल. आईला बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं होतं, आधी 5 ची गोळी, मग 10 ची. दोनेक महिन्यांत पाय सुजायला लागले. सकाळी बरे असायचे आणि दिवेलागणीपर्यंत घोटा दिसेनासा व्हायचा, बोटाने दाबलं की खळगा पडायचा तो तसाच राहायचा. आम्ही घरचे सगळे काय म्हणत होतो, तर वय झालं, उभ्याने स्वयंपाक करतेस, मीठ कमी कर, पायाखाली उशी घे. तिने लोणचं सोडलं, पापड सोडला. शेवटी जोडवी रुतून बोट काळंनिळं पडायला लागलं तेव्हा बाबांनी सोनाराला घरीच बोलावलं. त्याने पाटावर तिचा पाय ठेवून बारीक कातरीने वेढे कापले. आई एक शब्द बोलली नाही. तो गेल्यावर तिने दोरा हळदीत भिजवला आणि दोन्ही पायांच्या बोटांना सैलसा बांधला, पाय रिकामे नकोत म्हणून. त्या दोऱ्यावर सात-आठ महिने काढले तिने. मग मावशीकडे गेली असताना तिथल्या डॉक्टरांनी नुसती गोळ्यांची पट्टी बघून सांगितलं की ही सूज औषधाची आहे. डोस अर्ध्यावर आणला, जोडीला लोसार्टान दिलं आणि महिन्याभरात पाय उतरले. सात-आठ महिने कोणाच्या डोक्यात आलं नाही हो, माझ्याही नाही.

आता मी 52 ची आहे आणि तीन महिन्यांपासून मला तीच गोळी चालू आहे. संध्याकाळी मोजे काढले की वळ दिसतो. कालपर्यंत मी पण म्हणत होते, शाळेत दिवसभर उभी असते म्हणून असेल.

तुम्हाला किंवा घरात कोणाला काय त्रास झाले, कोणी ओळखले, कसे निस्तरले, लिहा प्लीज.

कृष्णाकाठ

सासऱ्यांचा खोकला!! कोरडा, रात्री जास्त, बोलायला लागले की ठसका. एनालाप्रिल चालू होतं पण आम्हाला कुठे माहीत त्याचा संबंध. चार महिने आमच्या सांगलीच्या घरात रात्री कोणी धड झोपलं नाही. एक्सरे झाला, थुंकी तपासली, टीबी नाही म्हणून कळलं तरी शेजारच्यांनी त्यांना पारावर बसायला यायचं सुचवणं बंद केलं. सासरे मानी माणूस, ते स्वतःच मग बाहेर पडेनात. मी रोज ज्येष्ठमध, सुंठ, खडीसाखरेचा काढा करून द्यायचे दोन वेळा. मग एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या पीएचसीला (सरकारी आरोग्य केंद्रात), त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बाबा गोळ्या कुठल्या चालू आहेत दाखवा. टेल्मिसार्टन वर टाकलं. तीन आठवड्यांत खोकला गायब. ज्या दिवशी रात्रभर आवाज आला नाही त्या दिवशी सासूबाई घाबरून दोनदा उठून त्यांचा श्वास बघून आल्या होत्या

वाफाळता चहा

हो हो तोच खोकला. आमच्याकडे रामिप्रिल. सेम स्टोरी.

गोळीवाला

मी 19 वर्षं मेडिकल चालवतो. कृष्णाकाठ ताई, राग मानू नका पण ज्येष्ठमध बीपीवाल्यांनी रोज घेऊ नये. त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम खाली जातं, सोबत लघवीची गोळी असेल तर अजूनच. खोकल्याच्या बऱ्याच काढ्यांत आणि चघळायच्या गोळ्यांत ते असतं.

पारिजातक ताई, तुमच्या आईंसारखे पेशंट काउंटरवर आठवड्याला येतात, "पाय सुजलेत, लघवीची एक गोळी द्या". मी देत नाही. अ‍ॅम्लोडिपिनने पायाकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या सैल होतात, परत वर नेणाऱ्या शिरा तेवढ्या होत नाहीत, मग दाब वाढून पाणी आजूबाजूला झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, जागा चुकलेली असते. त्यामुळे लघवीच्या गोळीने फारसं काही होत नाही. डोस कमी करणं, गोळी बदलणं किंवा जोडीला सार्टान गटातली देणं, हे डॉक्टर करतात. मात्र एक करा, नवीन सूज आली तर एकदा हृदय, किडनी, लिव्हर बघून घ्या, सगळी सूज गोळीचीच असते असं नाही. एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल तर थांबूच नका.

कृष्णाकाठ

अरे देवा. म्हणूनच त्यांचं बीपी तेव्हा वर वर जात होतं का, आणि डॉक्टर एनालाप्रिलचा डोस वाढवत होते! दोन वेळा देत होते हो मी, प्रेमाने.

वाफाळता चहा

तुम्हाला कसं माहीत असणार ताई. मनाला लावून घेऊ नका.

उंबरठा

आजीचं सांगते. 81 वर्षं. क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवीची गोळी, चालू होती आणि मामाने कुठेतरी वाचून घरात मीठ जवळजवळ बंदच केलेलं. आधी नुसतं गळून गेल्यासारखं, मळमळ, जेवण नको. मग एका दुपारी मला "सुमे" म्हणाली, सुमा तिची बहीण, जाऊन तीस वर्षं झाली. म्हणे सुमे, मांडवात अक्षता कमी पडतील, तांदूळ रंगव. स्वयंपाकघरात जाऊन खरंच डबा उघडून ताटात तांदूळ ओतून बसली. सगळे म्हणाले विसरभोळेपणा सुरू झाला, या वयात व्हायचंच. मीही तेच धरून चालले होते. दोन दिवसांनी उठवेना म्हणून अ‍ॅडमिट केलं तर सोडियम 116. नॉर्मल 135 च्या वर पाहिजे. आयसीयूत हळूहळू वाढवलं, डॉक्टर म्हणाले घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून दर काही तासांनी रक्त घेत होते, तिचे हात काळेनिळे झालेले. चौथ्या दिवशी तिने मला माझ्या नावाने हाक मारली आणि विचारलं परीक्षा झाली का तुझी. ती गोळी कायमची बंद केली. आता डोकं एकदम लख्ख आहे, भिशीचा हिशोब तीच ठेवते.

म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर आधी सोडियम तपासा हो. आधी सोडियम.

घाटमाथा

आम्ही ड्रायव्हर लोक. गाडी कसारा घाटात आणि सकाळी घेतलेली लघवीची गोळी जोर करते, थांबायला जागा नाही मागे ट्रकची रांग. मी काय करायचो ड्युटीच्या दिवशी गोळीच घ्यायची नाही, म्हंजे आठवड्यातले पाच दिवस नाही. मग एक दिवस इगतपुरीला उतरलो तर डोकं असं ठणकत होतं, मोजलं तर 190/110. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं तर ते चिडले नाहीत, म्हणाले मला आधीच सांगायचं ना, ड्युटी संपल्यावर दुपारी घे. एवढंच होतं. रात्री उशिरा मात्र घेऊ नका झोप मोडते

पारिजातक

घाटमाथा दादा, हे किती महत्त्वाचं लिहिलंत. आणि उंबरठा, आजींना माझा नमस्कार सांग.

सोनचाफा_पुणे

थोडं अवांतर, जोडवी किंवा अंगठी अडकली तर कापायच्या आधी दोऱ्याचा प्रयोग करून बघा. बारीक दोरा अंगठीखालून सरकवायचा, पुढे बोटावर घट्ट जवळजवळ वेढे देत जायचं नखाकडे, मग मागचं टोक उलगडत ओढायचं, अंगठी दोऱ्यावरून पुढे सरकते. साबणाचं पाणी लावायचं. मी गरोदरपणात केलंय. पण बोट निळं असेल तर वेळ घालवू नका, कापाच.

वाफाळता चहा

सोनचाफा, कुठला दोरा? शिवणाचा चालेल?

सोनचाफा_पुणे

दाताचा फ्लॉस सगळ्यात भारी. नाहीतर शिवणाचा दुहेरी.

अनामिक_वाचक

हा आयडी मुद्दाम नवीन काढलाय. पुरुष, 46. हे कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. मेटोप्रोलॉल आणि लघवीची गोळी सुरू झाल्यावर थकवा तर होताच, पण बायकोजवळ जायची हिंमतच गेली. सहा महिने मी कामाचं टेन्शन सांगत राहिलो, तिला वाटलं तिच्यात काही कमी आहे, तिने तसं रडत विचारलं तेव्हा मी खरं बोललो. पुढच्या वेळी ती सोबत आली डॉक्टरांकडे आणि तिनेच विषय काढला. डॉक्टर म्हणाले बीपी आणि शुगरनेही हे होतं, सगळा दोष गोळीला नाही, पण बदलून बघू. मेटोप्रोलॉल एकदम बंद केलं नाही, पंधरा दिवसांत कमी करत आणलं कारण झटक्यात सोडलं तर छातीत धडधड, बीपी उसळणं असं होऊ शकतं. आता बराच फरक आहे. आणि ती दुसरी निळी गोळी (व्हायग्रा) कोणी परस्पर घेऊ नका, हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर जिवावर बेतेल.

गोळीवाला

अनामिक भाऊ, लिहिलंत हे फार बरं झालं. माझ्याकडे लोक याच कारणाने गुपचूप गोळ्या सोडतात आणि वर्षभराने पॅरॅलिसिस होऊन येतात.

संत्रानगरी

नागपूरचा उन्हाळा आणि बीपीची गोळी या विषयावर कोणी बोलत नाही. उन्हाळ्यात बीपी तसंही उतरते, घाम जातो, आणि आपण थंडीतला डोस तसाच घेत राहतो. बाबा मे महिन्यात पहाटे पलंगावरून उठले अन् न्हाणीच्या दारात पडले, खुब्याचं हाड मोडलं. उभं राहिल्यावर वरचं 92 निघालं. आता दरवर्षी मार्चमध्ये डॉक्टरांना घरची वही दाखवून डोस बदलून घेतो, दिवाळीनंतर परत वाढवतात. बाबांनी सवय केली आहे, जाग आली की आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून बसायचं, मोठ्याने रामरक्षेचे पहिले चार श्लोक म्हणायचे, मगच उभं राहायचं. आवाज आला की आम्हाला कळते बाबा उठतायत.

कृष्णाकाठ

रामरक्षेची आयडिया किती गोड. उद्यापासून सासऱ्यांना सांगते, ते मात्र हरिपाठ म्हणतील, म्हंजे उठायला दुपार होईल 😄

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. इथे लिसिनोप्रिल सर्रास देतात. मला खोकला नव्हता, दोन वर्षं काही त्रास नव्हता. एका सकाळी ओठ जड वाटला, आरशात बघितलं तर वरचा ओठ सुजून वाकडा. वाटलं काहीतरी चावलं असेल. तासाभरात जीभ जाड झाली आणि आईशी फोनवर बोलताना ती म्हणाली तू असं का बोलतेयस. तिनेच ओरडून 911 लाव म्हणून सांगितलं, कल्याणहून. नशीब लावला. या गटातली, म्हणजे नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली गोळी आता आयुष्यात घ्यायची नाही, पर्समध्ये तसं कार्ड ठेवलंय. वर्षानुवर्षं नीट चाललेल्या गोळीनेही हे होऊ शकतं म्हणून लिहिलं. ओठ, जीभ, चेहरा सुजला तर थेट इमर्जन्सी.

जुईली३३

कोणी तरुण मुली आहेत का इथे? मला 31 व्या वर्षी बीपी निघालं, टेल्मिसार्टन चालू होतं. बाळाचा विचार करतोय हे आम्ही लाजून डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. सांगितल्याबरोबर त्यांनी ती बदलून लॅबेटालॉल दिलं, टेल्मिसार्टन बाळाच्या किडनीला घातक असतं म्हणाल्या. लॅबेटालॉलने डोक्याच्या त्वचेत मुंग्या यायच्या, केसांत उवा झाल्यासारखं वाटायचं, आईकडून दोनदा डोकं बघून घेतलं. दोन आठवड्यांनी आपोआप थांबलं. लेक आता 14 महिन्यांची आहे, हे टाइप करताना मांडीवर आहे त्यामुळे चुका

वाफाळता चहा

लेकीला गोड पापा 😘

नारळीपोफळी

आमच्याकडे गुहागरला शहाळं म्हणजे औषधच. काकांची किडनी थोडी अशक्त, टेल्मिसार्टन चालू, आणि मुलाने मुंबईहून ते कमी सोडियमचं मीठ आणून दिलेलं, बीपीला चांगलं म्हणून. त्या मिठात पोटॅशियम असतं. वर रोज दोन शहाळी, त्यातही तेच. पाय लुळे पडल्यासारखे झाले, पोटॅशियम वाढून 6.4. चिपळूणला नेलं, ईसीजी बघून डॉक्टरांनी लगेच भरती केलं. आता साधंच मीठ, मोजून. शहाळं झाडावर असलं तरी काका नुसतं बघतात. मीठ कमी करायचंय पण तोंडाला चव कशी आणायची कोणी सांगेल का, काका जेवतच नाहीत नीट

सोनचाफा_पुणे

आमसूल, जिरेपूड, लिंबू, कढीपत्ता कुरकुरीत भाजून चुरा. भाकरीच्या पिठात मीठ घालूच नका, कळतही नाही. पण पोटॅशियमचं काय चालेल ते डॉक्टरांना विचारा.

घाटमाथा

लसूण रोज खाल्ली तर गोळी सुटते म्हणतात खरंय का

गोळीवाला

नाही दादा. लसूण खा, गोळी पण घ्या.

पारिजातक

आज शाळेतून परस्पर डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन आठवड्यांची वही नेली होती, सकाळ-संध्याकाळचं बीपी, पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून मोजलेलं. पायाचं माप पण नेलं, शिलाईच्या टेपने घोट्यापाशी सकाळी 22, संध्याकाळी साडेचोवीस. त्यांनी तपासलं, रक्त-लघवी सांगितली, आणि अ‍ॅम्लोडिपिन अडीचवर आणून जोडीला टेल्मिसार्टन लिहिलं. पंधरा दिवसांनी बोलावलंय, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून.

येताना जोडवी पर्समध्ये होती म्हणून सोनाराकडे गेले. तो म्हणाला डाग देऊन जोडून देतो, कळणारसुद्धा नाही. मी तशीच परत आणली. कापसाखाली हळदीच्या दोऱ्याचा एक तुकडा पण निघालाय, अजून पिवळा आहे.

उंबरठा

पारिजातक, आजीला तुझं वाचून दाखवलं. ती म्हणतेय पंधरा दिवसांनी घोट्याचं माप इथे लिही, विसरू नकोस.