बाबांचा क्लेम पूर्ण का नाही मिळाला? आणि पुढची तयारी कशी करू?

बाबा ६७ वर्षांचे, आरोग्यविम्याची पॉलिसी ३ लाखांची, सहा वर्षं न चुकता हप्ते भरलेले. पित्ताशयाच्या ऑपरेशनचं बिल १,४२,००० झालं, मंजूर झाले ९६,०००. उरलेल्यासाठी आईची मोडलेली एफडी पाहून रात्री झोप लागली नाही. खोली ५,००० रुपये रोजाची होती, चार दिवस. कुठे चुकलो?

उत्तर : खोलीभाड्याची मर्यादा बघा. विम्याच्या रकमेच्या १ टक्का असेल तर तुम्हाला रोज ३,०००. महागडी खोली घेतली की फक्त भाड्यातला फरक नाही, सर्जन, भूल, नर्सिंगची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापतात. औषधं त्यातून सुटतात.

प्रश्नकर्ता : बरोबर! ८,००० भाड्याचे, ३२,००० फीचे, ६,००० हातमोजे वगैरे विम्यात न धरलेल्या वस्तूंचे. अॅडमिट करताना हे कुणी एका शब्दाने सांगितलं नाही हो.

दुसरं उत्तर : नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, अर्ज करा, खोलीमर्यादा नसलेली पॉलिसी शोधा. जुन्या आजारांचा खर्च मिळू लागण्याआधी थांबावं लागतं तो प्रतीक्षाकाळ जेवढा झालाय, तेवढा वाया जात नाही. मात्र जुने आजार एकूण एक लिहा, मधुमेह लपवू नका. बाबा सत्तरीचे झाले की सरकारी आरोग्यविम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत.

प्रश्नकर्ता : आईची एफडी आधी भरून काढतो. दरमहा ३,००० वेगळ्या खात्यात, फक्त दवाखान्यासाठी. पॉलिसीची प्रत आज बाबांसोबत बसून वाचतोय.