बाबांचा एन्लार्जर सापडलाय, विकू की लावू?

माळ्यावरचा_डोंबिवली
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोकं निघालं. आत बाबांचा एन्लार्जर (निगेटिव्हमधून उजेड पाडून कागदावर फोटो मोठा करायचं यंत्र), एक लाल बल्ब, चिमटे आणि तीन प्लास्टिकचे ट्रे, त्यातल्या एकात आई मधली काही वर्षं पापड वाळवायची असं तिनेच हसत हसत सांगितलं. खाली बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह्ज, बऱ्याचशा मोठ्या चौकोनी, अग्फा क्लिक थ्रीच्या असाव्यात कारण तो कॅमेरा अजून कपाटात आहे. आणि फोटो छापायच्या इंदू ब्रँडच्या कागदाचं एक अर्धं पाकीट, उटीच्या कारखान्याचं.

भाऊजी म्हणतात सगळं स्कॅन कर नि खोकं विकून टाक, ओळखीतला एक जण कॅफेत शोभेला ठेवायला एन्लार्जर मागतोयसुद्धा. आमचं घर वन बीएचके, बाथरूम एकच. मला फिल्मचा फ सुद्धा येत नाही. खरंच विचारतो, आजच्या काळात बाथरूममध्ये अंधार करून फोटो धूत बसण्यात मजा काय आहे? असेल तर सांगा, नसेल तर रविवारी देऊन टाकतो.

ऋतू_कोथरूड
अहो देऊ नका!! निदान एकदा तरी लावून बघा, मग हवं तर द्या.

माझंही बाथरूमच आहे. रात्री साडेदहाला सगळ्यांचं आवरलं की ताबा माझा. एन्लार्जर वॉशिंग मशीनवर, कमोडवर प्लायची फळी आणि त्यावर ओळीने ट्रे, डेव्हलपर (चित्र उमटवणारं) मग स्टॉप (ते थांबवणारं) मग हायपो (चित्र पक्कं करणारं), आणि धुवायला खाली बादली. खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीला जुना टॉवेल. एक्झॉस्ट पंखा चालू ठेवायचा, आणि एक्स्टेन्शन बोर्ड उंचावर टांगायचा, ओल्या हाताने स्विचला हात लावायचा नाही हे स्वतःला दहा वेळा बजावायचं. स्टॉप बाथ म्हणजे शेवटी पातळ केलेलं व्हिनेगरच, त्यामुळे घरात चायनीजच्या गाडीसारखा वास सुटतो आणि सासूबाई सकाळी विचारतात काल रात्री काय मागवलं होतंत.

आता मजा काय ते. कागद डेव्हलपरमध्ये सरकवला की दहा-पंधरा सेकंद काही म्हणजे काही होत नाही, पांढराच्या पांढरा, तुम्ही नुसता ट्रेचा एक कोपरा हळू उचलून खाली ठेवताय आणि वाटतं चुकलंच काहीतरी, आणि मग आधी काळे केस येतात, नंतर भुवया, साडीचा काठ, आणि चेहरा सगळ्यात शेवटी हळूहळू भरत जातो. मी हे शेकड्याने वेळा पाहिलंय तरी त्या दहा सेकंदांत श्वास रोखलेला असतो. कागद सारखा उचलून बघायचा मोह होतो, तो आवरायचा.

पण खरं सांगू, मला त्याहून आवडतं ते टेस्ट स्ट्रिपचं काम. कागदाची एक पट्टी घ्यायची, पुठ्ठ्याने झाकून तीन-तीन सेकंदांनी थोडी थोडी उघडत जायची, धुतली की एकाच पट्टीवर ३, ६, ९, १२, १५ सेकंद अशा फिकटापासून गडद पायऱ्या. मग मी चष्मा लावून बसते ठरवत, नऊ की बारा. नऊला आकाश उडतं, बाराला आईचा चेहरा काळवंडतो. मग नऊ द्यायचे आणि वरच्या भागाला आणखी चार, चेहऱ्यावर हाताची सावली धरून. हात सतत हलता ठेवायचा नाहीतर कडा उमटते. तारेला पुठ्ठ्याची गोल चकती चिकटवून माझं हत्यार बनवलंय, बाटलीच्या झाकणाएवढं. त्या सावलीत हात जसा हलला तसा तो प्रिंट, दुसऱ्यांदा अगदी तसाच येत नाही.

खारा_वारा_रत्नागिरी
एकच सांगतो, आधी लेन्स काढून उजेडात धरा. माळ्यावर इतकी वर्षं म्हणजे बुरशी असणार, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. आमच्याकडे तर पावसाळ्यात डब्यातले पोहे टिकत नाहीत तिथे लेन्स काय टिकणार. कंडेन्सरच्या, म्हणजे बल्बखालच्या जाड भिंगांच्या काचाही बघा.

प्रॅक्टिकल_माणूस
सगळं छान आहे पण हिशोब करा. कागद बाहेरून येतो, महाग. केमिकल महाग. एका रात्रीत चार प्रिंट, त्यात दोन फुकट. स्कॅन केलं तर एका संध्याकाळी पन्नास निगेटिव्ह होतात आणि फॅमिली ग्रुपवर सगळ्यांना जातात. भाऊजी बरोबर बोलतायत.

ऋतू_कोथरूड
@प्रॅक्टिकल_माणूस स्कॅन कराच की, नको कोण म्हणतंय, मीही करते. ग्रुपवर टाकते, आठ अंगठे येतात, संपलं. प्रिंट मावशीच्या हातात दिला तर ती तासभर सोडत नाही, मागे काही लिहिलंय का तेही उलटून बघते. आणि फुकट गेलेले प्रिंट मी फेकत नाही, मागे किराण्याची यादी लिहिते 😄

हायपोकाका
माळ्यावरचा, तुमचा प्रश्न वाचून इतकी वर्षं मागे गेलो. मी मिरजेला एका स्टुडिओत आधी पोऱ्या म्हणून लागलो, नंतर प्रिंटर झालो. पहिलं काम काय, तर हायपोची बादली करणे. हायपोचे खडे गरम पाण्यात टाकले की पाणी हां हां म्हणता गार पडतं, बादलीला हात लावला तर बाहेरून घाम. मे महिन्यात आम्ही पोरं मुद्दाम त्या बादलीला हात लावून उभे राहायचो.

डेव्हलपर घरीच बनवायचो, डी-७२ नावाच्या कृतीने. तराजूवर तोलून लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, कार्बोनेट ८०, ब्रोमाइड २, आणि वापरताना एकास दोन पाणी. क्रम चुकला की मालक ओरडायचे. सल्फाइटची चिमूट टाकून आधी मेटॉल विरघळवायचं, मग उरलेलं सल्फाइट. उलट केलंत तर मेटॉल नीट विरघळतच नाही. काही जणांना मेटॉलने बोटांना खाज सुटते, माझीही सालपटं निघायची, तेव्हा चिमटा वापरा. तुम्ही मात्र सुरुवातीला तयार बाटलीतलंच घ्या, तराजूच्या नादी लागू नका.

आता कामाचं. तो इंदूचा कागद बहुतेक काजळला, म्हणजे जुना होऊन आपोआप राखाडी पडणारा झाला असेल. अंधारातच त्याचे दोन तुकडे करा, उजेड दाखवू नका, एक सरळ हायपोत आणि दुसरा आधी डेव्हलपरमध्ये मग हायपोत. दोन्ही सारखे पांढरे आले तर कागद जिवंत. दुसरा राखाडी आला तर गेला, आठवण म्हणून पाकीट ठेवा.

लाल बल्ब जुना असला तरी तपासा. एका तुकड्याला एन्लार्जरखाली हलकासा राखाडी येईल इतपतच उजेड द्या, मग त्यावर रुपयाचं नाणं ठेवून लाल दिव्याखाली पाच-सात मिनिटं पडू द्या आणि धुवा. नाण्याचा गोल दिसला तर बल्ब गळतोय, म्हणजे कागदाला न चालणारा उजेड सोडतोय. हल्लीच्या स्वस्त लाल एलईडीत बरेच गळतात.

लेन्सवर आकडा बघा. चौकोनी निगेटिव्हला ७५ किंवा ८० मिलिमीटर लागते. ५० असेल तर ती छोट्या फिल्मची, कोपऱ्यांना उजेडच पोचणार नाही आणि प्रिंटवर कोपरे पांढरे पडतील.

डेव्हलपर २० डिग्रीला. मोठ्या परातीत पाणी आणि बर्फाची बाटली, त्यात ट्रे. आणि ओला प्रिंट बघून खूश होऊ नका, वाळल्यावर तो थोडा गडद होतो. आम्ही मुद्दाम केसभर फिकट काढायचो. बाकी ते पापडवाले ट्रे परत स्वयंपाकघरात नेऊ नका, वहिनींना माझा नमस्कार सांगून सांगा.

मजेचं विचाराल तर लग्नाच्या सीझनला रात्रभर प्रिंट काढून कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण सकाळी काचेवर ग्लेझिंगला, म्हणजे चकाकी यायला चिकटवलेले फोटो वाळून आपोआप टकटक सुटून पडायचे, तो आवाज अजून कानात आहे.

माळ्यावरचा_डोंबिवली
तीन आठवड्यांनी लिहितोय. एन्लार्जर विकला नाही!

लेन्स ७५ची निघाली, कडेला जराशी बुरशी आहे पण चालतंय. इंदूचा कागद गेलेला, राखाडी आला. नवीन कागद मागवला, आरसी म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला, कारण तो दोन-चार मिनिटांत धुऊन होतो आणि आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं तोवर टाकीतलं पुरवायचं. पहिले दोन प्रिंट पूर्ण काळे, कारण मी लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं होतं. तिसरा उलटा, म्हणजे निगेटिव्ह उलटी घातली, आईने लगेच ओळखलं, म्हणाली पदर उजव्या खांद्यावर कसा?

चौथ्या वेळी प्रिंट जमला. आजी, गावच्या घराच्या ओट्यावर, मांडीवर सूप. आई दारात उभी राहून म्हणत होती झालं का, मला जायचंय, मी म्हटलं आतच ये, दार लावून घे. लाल उजेडात आम्ही दोघं त्या ट्रेवर वाकून. आधी सूप आलं. मग आईने हळूच "आत्या" म्हटलं, सासूला ती आत्याच म्हणायची. पुढे बराच वेळ दोघंही गप्प.

काका, एक शंका. प्रिंटवर दोन पांढरे ठिपके आहेत, एक आजीच्या नाकावर, एक भिंतीवर. काय करू?

हायपोकाका
वा! धूळ आहे, निगेटिव्हवर कण असला की तिथे उजेड अडतो नि पांढरा ठिपका येतो. शून्य नंबरचा ब्रश, राखाडी रंग अगदी पातळ, टिंब टिंब करत भरा. रेघ ओढू नका. पुढच्या वेळी निगेटिव्हवर ब्लोअर मारा.

माळ्यावरचा_डोंबिवली
ब्रश घेऊन बसलो तर आईने हात धरला. नाकावरचा ठिपका धूळ नाही म्हणे, चमकीचा खडा आहे, उन्हात तसाच चमकायचा.

हायपोकाका
मग तो सोडा. भिंतीवरचा तेवढा भरा.