कोकणातील वसतिगृह, जांभा आणि आधुनिक वास्तुकला

चिरेखाण (प्रश्न):
रत्नागिरीजवळच्या सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर) आमच्या शिक्षणसंस्थेला मुलींचे वसतिगृह बांधायचे आहे. आराखड्यात सपाट स्लॅब, उघडे काँक्रीट आणि दर्शनी भिंतीवर जांभ्याच्या (कोकणातल्या तांबड्या दगडाच्या) पातळ फरश्यांचे आवरण दाखवले आहे. आधुनिक इमारतीला स्थानिक रूप असेच देतात, असे सांगण्यात आले. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे जांभा नुसता चिकटवून भागेल का?

पागोळी:
माझ्या मते भागणार नाही. आधुनिक वास्तुकलेला दगडाचे वावडे कधीच नव्हते. आधुनिक वास्तुकलेचे एक प्रवर्तक ल कॉर्ब्युझिए यांनी पॅरिसच्या विद्यापीठनगरातील स्विस वसतिगृह काँक्रीटच्या खांबांवर उचलले, तरी तळाची वळणदार भिंत ओबडधोबड दगडांचीच ठेवली. प्रदेशाशी नाते मात्र छप्पर, पडवी आणि भिंत एकमेकांना कशी सांभाळून घेतात यावरून ठरते. आपल्याच सिंधुदुर्गातील आचऱ्यात जन्मलेले वास्तुकार अच्युत कानविंदे हार्वर्डला जर्मन वास्तुकार ग्रोपियस यांच्याकडे शिकले आणि कानपूरच्या आयआयटीत त्यांनी वीट व उघडे काँक्रीट वापरले. तेथील कोरड्या उन्हाळ्यात ते शोभते. तोच प्रकार सड्यावर आणला, तर काँक्रीटवर शेवाळ चढेल आणि खाऱ्या हवेतील क्लोराइड आत झिरपून सळया गंजतील, फुगतील व वरचे काँक्रीट फोडतील. जांभाही सच्छिद्र असतो, पाणी पितो; म्हणून तर आपल्या घरांना एवढ्या खोल वळचणी असतात. आपल्याला जवळचे उदाहरण श्रीलंकेतील मातारा येथे आहे: तिथले वास्तुकार जेफ्री बावा यांनी रुहुणा विद्यापीठ समुद्राकाठच्या टेकड्यांवर उतरत्या कौलारू छपरांखाली आणि झाकलेल्या वाटांनी जोडून बांधले.

माजघर:
वसतिगृहाच्या दृष्टीने एक भर घालते. पावसाळ्यात मुलींचे कपडे कुठे वाळणार, हा प्रश्न आराखड्यात कुणी विचारला आहे का? खोल्यांपुढे दोन-अडीच मीटर रुंद पडवी दिली, तर कपडे वाळतात, भिंत कोरडी राहते आणि अभ्यासाला, गप्पांना जागा मिळते. वास्तुकार लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रात वापरलेल्या विटांच्या जाळ्या अनेकांना मोहवतात. आपल्याकडे नैऋत्येच्या झडीत अशी जाळी पडवीच्या आतल्या भिंतीतच टिकेल.

हर्णै_बंदर:
कौलांचे कौतुक मान्य, परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागात घरांची आणि शाळांची छपरे उडवली, हे विसरता येत नाही. त्यानंतर लोकांना स्लॅबचा धीर वाटू लागला, त्यात चूक काय?

पागोळी:
चूक नाही. वर स्लॅब ठेवूनच त्यावर नीट जखडलेले उतरते छप्पर घ्यावे आणि ते भिंतीबाहेर मीटरभर काढावे. आवरणाच्या फरश्यांवरचा खर्च तिकडे वळवता येईल. भिंती मात्र अखंड चिऱ्याच्या (जांभ्याच्या घडीव ठोकळ्यांच्या) असाव्यात. त्या भार घेणार की केवळ सांगाड्यात भरणार, हे भूकंपाचा हिशेब करून अभियंत्यांनी ठरवावे.