नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरनंतर पुन्हा धावणं: कोणत्या दुखण्याला थांबायचं?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच मदत मागते आहे. थोडं लांबलंय, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

वय ४१. पाच वर्षं धावते, आठवड्याला साधारण ३० किलोमीटर. हाफ मॅरेथॉनच्या तयारीत तीन आठवड्यांत ५० वर गेले आणि त्यातच चढावरचे जोराचे राऊंड सुरू केले. डाव्या नडगीला आतल्या बाजूने, घोट्याच्या चार बोटं वर, दुखायला लागलं. सुरुवातीला अंग तापलं की थांबायचं, म्हणून शिन स्प्लिंट (जास्त धावण्याने होणारं नडगीचं साधं दुखणं) समजून बर्फ लावत राहिले. मग धावून झाल्यावरही दुखायला लागलं आणि एका रात्री ठणक्याने जाग आली. एक्स-रेत काही दिसलं नाही. एमआरआयत टिबियाचं, म्हणजे नडगीच्या हाडाचं, स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या माराने हाडाला पडलेली बारीक चीर) निघालं.

पहिले तीन आठवडे पायाला आधाराचा बूट, एकूण आठ आठवडे धावणं बंद. आता अकरावा आठवडा चालू आहे. ४५ मिनिटं भरभर चालते, काही दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू सुरू करा." हळूहळू म्हणजे किती, हे त्या घाईत विचारायचं राहून गेलं.

रविवारी १ मिनिट धावणं, ४ मिनिटं चालणं असं पाच वेळा केलं. दम अजिबात लागला नाही, कारण मधल्या काळात पोहणं आणि सायकल सोडली नव्हती. धावताना नडगीही गप्प होती. पण सोमवारी सकाळी पोटऱ्या अवघडलेल्या आणि त्या जागी काहीतरी जाणवत होतं. दुखतंय म्हणावं इतकं नाही, पण तिथे काही आहे हे कळत होतं. तेव्हापासून दिवसातून वीस वेळा अंगठ्याने दाबून बघते. मोजा काढताना, जिन्यात उभं राहून, रात्री पांघरुणात. दाबून दाबून तिथली कातडी हुळहुळी झाली आहे. आता दुखतं ते हाड की वरची कातडी, हेही कळेनासं झालंय.

नेटवर सगळीकडे वाचलं की दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालतं, त्याच्या वर गेलं तर थांबा. मागच्या वेळी मी हेच केलं होतं. "तीनच आहे" म्हणत दोन आठवडे धावले आणि फ्रॅक्चरवर गेले. म्हणून विचारते: कोणतं दुखणं सोडून द्यायचं आणि कोणत्या दुखण्याला तिथल्या तिथे थांबायचं? आणि धावणं कसं वाढवायचं? शूज बदलायचे का? ट्रेडमिल बरी की मातीचा ट्रॅक? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पहाटपाऊल यांचा प्रतिसाद

ताई, तुमचा धागा वाचताना माझंच दोन वर्षांपूर्वीचं दुखणं आठवलं. मलाही नडगीच, फक्त उजवी. एकच सांगतो: तुमचा दम शाबूत आहे, आणि धोका तिथेच आहे. चौथ्या आठवड्यात मला इतकं मोकळं वाटलं की दोन-दोन मिनिटं धावायचं सोडून सलग ५ किलोमीटर मारले. धावताना एक कळही आली नाही. तिसऱ्या दिवशी लंगडत होतो आणि आणखी सहा आठवडे घरी बसलो.

तेव्हापासून धावताना काय वाटतं याला मी निम्मीच किंमत देतो. उरलेली निम्मी दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पडणाऱ्या पहिल्या पावलाला. ते पाऊल कसं पडलं हे रोज एका ओळीत लिहून ठेवा.

झुळूक यांचा प्रतिसाद

मी तर धावण्याआधी एक पेनकिलर घेतो, काही त्रास होत नाही. फार विचार करू नका, सुरू करा.

सावकाश यांचा प्रतिसाद

मी फिजिओ आहे. तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण प्रश्न इतका नेमका मांडलाय की लिहावंसं वाटलं.

आधी वरच्या सल्ल्याबद्दल. झुळूक, तुमचा हेतू चांगला आहे, पण हाडाच्या दुखापतीत गोळी घेऊन धावणं कृपया कोणी करू नका. दुखणं हा इथे एकमेव निरोप्या आहे आणि गोळीने त्याचंच तोंड बंद होतं.

आता तो "तीनपर्यंत चालतं" नियम. तो खोटा नाही, पण तो मुख्यतः टेंडनसाठी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसाठी, आहे. टाचेच्या वरची अकिलीसची शीर दुखत असेल तर थोडं दुखणं सोसून व्यायाम करतात, त्याने ती सुधारते. हाडाचं तसं नाही. स्ट्रेस फ्रॅक्चरनंतर धावताना त्या जागी दुखणं शून्य हवं. एक नाही, अर्धं नाही. पोटरीच्या अवघडण्याला मुभा आहे, हाडाच्या दुखण्याला नाही.

ही दोन दुखणी ओळखायची कशी? स्नायूचं दुखणं पसरट असतं, धावल्यानंतर बहुतेकदा दोन्ही पायांत असतं, चालल्यावर मोकळं होतं आणि दोन दिवसांत जातं. हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं, वजन टाकलं की वाढतं आणि दर धावण्यागणिक लवकर सुरू होतं. आराम करतानाचा किंवा रात्रीचा ठणका आला तर धावणं बंद आणि थेट डॉक्टर. पोटरी सुजून, लाल, गरम होऊन दुखली तर तो वेगळाच विषय आहे, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवायचं.

आणि ते दाबणं थांबवा. दिवसातून एकदा, सकाळी, हाडाच्या कडेवरून एकच बोट वरून खाली फिरवा, दोन्ही पायांवर सारख्याच जोराने. तुलना महत्त्वाची, कारण नडगी निरोगी माणसालाही जोरात दाबली की दुखतेच.

हाडाला वेळ का लागतो, तेही सांगतो. झिजलेला भाग भरताना शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग नवं घालतं. खरवडायला काही आठवडे पुरतात, भरायला मात्र साधारण तीन महिने लागतात, आणि ते पक्कं व्हायला त्याहून जास्त. पोहण्या-सायकलने हृदय आणि फुप्फुसं तयार राहिली, हाडाला मात्र त्यात मार बसत नाही, म्हणून ते मागे आहे.

धावण्याआधी दोन गोष्टी करून बघा. एका पायावर उभं राहून टाच उचला, भिंतीला नुसती बोटं टेकवून. दोन्ही पायांचा आकडा लिहा, २५ च्या आसपास जायला हवा. मग त्याच पायावर दहा छोट्या उड्या, न दुखता. धावताना पोटरीचा आतला सोलियस स्नायू वजनाच्या सहा-आठ पट जोर सोसतो. तो थकला की मार नडगीवर जातो. म्हणून टाचा गुडघा सरळ ठेवून उचला, आणि गुडघा वाकवूनही.

वाढवणं असं: एक दिवसाआड, कधीच सलग दोन दिवस नाही. १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, आठ वेळा. असं दोनदा काही न होता पार पडलं तरच पुढची पायरी: २-२, मग ३-१, असं करत सलग ३० मिनिटं. त्याला दीड-दोन महिने लागले तरी लागू द्या. आधी वेळ, नंतर वेग, चढ-उतार सगळ्यात शेवटी. तुम्ही मागच्या वेळी अंतर आणि चढ एकदमच वाढवले, दुखापत तिथे झाली. पावलं जरा छोटी आणि जलद टाका, मिनिटाला पाच-दहा टक्के जास्त, नडगीवरचा मार कमी होतो. शूज दबले असतील तर बदला. ट्रेडमिल की माती यात मी फार अडकणार नाही, सपाट असलं की झालं.

शेवटचं विचारतो, राग मानू नका: पाळी नियमित आहे का, आणि वजन कमी करायला खाणं कमी केलं होतं का? ड जीवनसत्त्व तपासलंय का? हाड भरायला माल लागतो, आणि पाळी चुकणं ही तो कमी पडत असल्याची खूण असू शकते.

मूळ धागाकर्ती

सावकाश, पहाटपाऊल, मनापासून आभार. झुळूक, तुम्हीही आवर्जून लिहिलंत.

लगेच करून बघितलं. उजव्या पायावर २६ वेळा टाच उचलली. डाव्यावर चौदाव्याला पाय थरथरायला लागला आणि पंधरावी अर्ध्यातच राहिली. इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं, चालताना काहीच कळत नाही. बोट फिरवून पाहिलं तर दोन्हीकडे जवळपास सारखंच, डावीकडे हुळहुळ जास्त पण एका बिंदूवर नाही. उड्या मारल्या नाहीत, आधी डाव्या पायाचे आकडे वाढू देते.

पाळी गेल्या वर्षभरात दोनदा चुकली होती. वय म्हणून सोडून दिलं होतं, आणि हो, त्याच काळात रात्रीचं जेवण बंद केलं होतं. डॉक्टरांनी हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उद्या रक्ततपासणीसाठी वेळ घेते आणि हे सगळं त्यांना सांगते.

तोवर धावणं नाही. टाचा दिवसाआड, सरळ गुडघ्याने आणि वाकवून, तीन-तीन फेऱ्या. डावा २० वर पोचला की इथेच लिहीन. एकच राहिलं: टाचा उचलताना डावी पोटरी दुखते, ती दुखू द्यायची ना?

सावकाश यांचा प्रतिसाद

हो, ती दुखू द्या. दुसऱ्या दिवशीही दुखेल. नडगीवर एक बोट ठेवावंसं वाटलं तरच थांबा.