मदत हवी: एकाला ब्लॉक केलं, सगळ्यांचंच संपादन बंद पडलं

विश्रामबाग_सांगली: अर्जंट आहे. आमच्या ॲनिमेच्या (जपानी कार्टून मालिकांच्या) मराठी विकीवर एकजण लॉगिन न करता चार दिवस पानं बिघडवतोय. काल रात्री त्याचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) ब्लॉक केला. सकाळपासून सांगली-मिरजेतल्या आमच्या तिघांना संपादन करता येत नाहीये. मला येतंय. नव्या भागाचं पान आज व्हायलाच हवं. काय करू?

कोयनाकाठ: विकी मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर आहे का? ब्लॉक करताना फॉर्ममधल्या कुठल्या पर्यायांवर खुणा केल्या होत्या? तिघं मोबाइल डेटावर आहेत का?

विश्रामबाग_सांगली: हो, मीडियाविकी. दोघं मोबाइलवर, एक वायफायवर. खुणा आठवत नाहीत. मुदत कायमची टाकलीय.

हळदबाजार: विकी सोडा, टेलिग्राम चॅनेल काढा. आम्ही क्रिकेटसाठी तेच केलं, कुणी काही बिघडवत नाही.

कोयनाकाठ: चॅनेल हा विकीला पर्याय नाही.
मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे खूप ग्राहक बसवतात. तुम्ही लॉगिन केलेल्यांनाही रोखणारी खूण केली असणार. प्रचालकाला (ॲडमिनला) मुळातच आयपी-ब्लॉकमधून सूट असते, म्हणून तुम्हाला काही जाणवलं नाही. ब्लॉक काढा आणि तो बिघडवतो ती ठरावीक पानं अर्धसुरक्षित करा, म्हणजे लॉगिन न करता ती बदलता येणार नाहीत. मोबाइलचा आयपी कायमचा कधीच ब्लॉक करू नका, उद्या तो दुसऱ्याच कुणाकडे जातो.

अजिंक्यतारा: पण बिघडवतो म्हणजे काय? मजकूर पुसतो?

विश्रामबाग_सांगली: पुसत नाही. जपानी नावात 'त्सु' दिसला की 'सु' करतो. एक नाव मी अकरा वेळा पूर्ववत केलंय.

अजिंक्यतारा: मग ही नासधूस कशी? हा लेखनाचा वाद आहे. 2004 च्या लाटेनंतर 'सुनामी' आणि 'त्सुनामी' दोन्ही छापून येत होतं. आधी त्याच्याशी बोलायला हवं होतं.

मिरज_जंक्शन: दोन्ही नकोत. 'चूक' या शब्दात आपण जो च म्हणतो तोच तो जपानी उच्चार. 'चु' लिहा, मराठी आहे.

अजिंक्यतारा: आणि 'चहा'तला च? जपानीत तोही आहे. कुठला च वाचायचा हे नवख्याला कसं कळणार? 'त्सु'च बरा.

मिरज_जंक्शन: चमचा आणि चिमटा वाचताना कुणी अडतं का?

अजिंक्यतारा: ते शब्द आपण लहानपणापासून ऐकलेत. जपानी नावं नाही.

  

विश्रामबाग_सांगली: ब्लॉक काढला. मोबाइलवाल्या दोघांचं जमलं. वायफायवाली अजून अडकलीय.

कोयनाकाठ: ब्लॉकच्या यादीत अजून काही आहे का? शेवटी /16 असलेलं, म्हणजे आयपींचा अख्खा पट्टा?

विश्रामबाग_सांगली: आहे. तो परत आला म्हणून रात्री तेही टाकलं होतं.

कोयनाकाठ: भावा, हे आधी सांगायचं! /16 म्हणजे 65,536 पत्ते. लगेच काढा.

विश्रामबाग_सांगली: काढलं. तिचंही सुरू झालं, ती पान लिहायला बसलीय. त्या नावाच्या चर्चापानावर 'त्सु' का ठेवला ते लिहून त्यालाही मत विचारलंय. अजून उत्तर नाही.