कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन व्हावी का?

चिपळूणचा:
2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कोकण रेल्वे महामंडळाच्या विलीनीकरणाला संमती दिली. 'कोकण रेल्वे' हे नाव राहावं, अशी अटही घातली. मी विलीनीकरणाच्या बाजूचा आहे. 1990 साली महामंडळ निघालं तेव्हा केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळचा 6-6. याच भांडवलावर आणि रोख्यांवर 741 किलोमीटरचा मार्ग 1998 मध्ये पुरा झाला. हे काम दुसऱ्या कुणाला इतक्या वेगानं जमलं नसतं, हे मान्य. पण पुढं काय? दुहेरीकरण, म्हणजे दुसरा रूळ, झालं ते रोहा ते वीर एवढंच. गणपतीत गाड्या क्रॉसिंगला तासन् तास उभ्या. मध्य रेल्वे, दक्षिण रेल्वे अशा भारतीय रेल्वेच्या झोनना अर्थसंकल्पातून पैसा मिळतो, महामंडळाला कर्ज काढावं लागतं. वर आमचं तिकीट प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर धरून आकारलं जातं. हा भुर्दंड अजून किती वर्षं भरायचा?

लातूरकर:
दादा, सरकारात गेलं की पैसा येतो, असं आमच्याकडेही वाटलं होतं. बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची कंपनी. रुळांची रुंदी अडीच फूट. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत पहिली गाडी धावली. पुढं लातूर, पंढरपूर, आणि 1927 मध्ये मिरज. कंपनी होती तोवर मार्ग वाढत गेला. 1954 मध्ये सरकारनं ती घेतली आणि कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज पुरी झाली 2008 मध्ये. चोपन्न वर्षं! तोवर व्यापाऱ्यांचा माल ट्रकवर गेला होता.

मूर्तिजापूरवाला:
लातूरकर, तुम्हाला उशिरा का होईना, मिळाली. आमची शकुंतला गाडी बघा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्ग किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. गाडी चालवायची आधी जीआयपीनं (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), नंतर मध्य रेल्वेनं; मालकी मात्र कंपनीचीच राहिली. मालक एक, चालवणारा दुसरा, मग रुळांवर खर्च कोण करणार? 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, आज गाडीच बंद आहे. गरीब माणसाची ती गाडी होती. माझी आजी अचलपूरला याच गाडीनं जायची.

मिरज जंक्शन:
दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण एक मुद्दा सुटतोय. विलीन होऊन मार्ग कुणाच्या पदरात पडतो? पुणे-मिरज मार्ग मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा. ती कंपनीसुद्धा 1908 मध्ये दोन कंपन्या एकत्र होऊन झालेली. एप्रिल 1951 मध्ये ती दक्षिण रेल्वेत गेली, तर त्याच वर्षी नोव्हेंबरात जीआयपी, निजाम स्टेट, सिंदिया आणि ढोलपूर मिळून मध्य रेल्वे झाली. पुणे मध्य रेल्वेचं आणि मिरजेचं मुख्यालय मद्रासला! मग आम्ही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत गेलो आणि फार उशिरा मध्य रेल्वेत आलो. कोकणचा मार्ग रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत एकसंध आहे. तो तीन झोनमध्ये तोडला, तर सावंतवाडीच्या माणसानं दाद कुठं मागायची?

रत्नागिरीची मुलगी:
माझा तर विलीनीकरणालाच विरोध आहे. पावसाळी वेळापत्रक, दरडींवरच्या जाळ्या, गस्त, हे सगळं याच मार्गावर राबणाऱ्यांच्या अनुभवातून आलंय. बेलापूरचं मुख्यालय, रत्नागिरी आणि कारवारची कार्यालयं मोडली तर हा अनुभव बदल्यांमध्ये विखुरला जाईल. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या मुलांच्या नोकऱ्यांचं काय, यावर इथं कुणीच बोललं नाही.

चिपळूणचा:
ताई, नोकऱ्यांचा मुद्दा मी मांडायलाच हवा होता. चूक माझी. मार्ग तोडायला माझाही विरोध आहे. रोहा ते ठोकूर स्वतंत्र झोन व्हावा, मुख्यालय कोकणात राहावं. पण कर्ज काढून दुसरा रूळ पडणार नाही, या मतावर मी ठाम आहे.

लातूरकर:
मग नावाबरोबर दुहेरीकरणाची तारीखही अटीत लिहून घ्या. आमच्या वेळी कुणी घेतली नव्हती.